पिशवीची रेघ वर का चालली? अमेरिकेच्या पन्नास वर्षांच्या आकड्यांची एक केस

आधी एक साधी गोष्ट सांगते, कारण ती नीट कळली नाही तर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. आपण बोलताना 'पिशवीचा कॅन्सर' म्हणतो आणि त्यात दोन वेगळे आजार एकत्र कोंबतो. एक पिशवीच्या तोंडाचा, म्हणजे गर्भाशयमुखाचा, जो बहुतेक वेळा एचपीव्ही नावाच्या व्हायरसमुळे होतो. आणि दुसरा पिशवीच्या आतल्या अस्तराचा, ज्याचा त्या व्हायरसशी काही संबंध नाही. हा घोळ फक्त आपल्या बोलण्यातच आहे असं समजू नका, अमेरिकेत मृत्यूच्या दाखल्यावर पण कितीतरी वेळा नुसतं 'गर्भाशय' एवढंच लिहिलेलं असतं, मुख की मूळ पिशवी हे लिहिलेलंच नसतं, आणि त्यासाठी कोडिंगमध्ये वेगळा खणच आहे. सी५३ म्हणजे मुख, सी५४ म्हणजे मूळ पिशवी, आणि सी५५ म्हणजे 'गर्भाशय, पुढचं माहीत नाही'. हा तिसरा खण बहुतेक वेळा दुसऱ्यात मिसळून मोजतात, हे लक्षात ठेवा.

तर केस अशी. अमेरिकन कॅन्सर सोसायटी दर वर्षाच्या सुरुवातीला अंदाज काढते की यंदा कुठल्या कॅन्सरचे किती नवीन पेशंट निघतील आणि किती मृत्यू होतील. स्त्रियांच्या जननेंद्रियांच्या कॅन्सरमध्ये वर्षानुवर्षं सगळ्यात जास्त मृत्यू ओव्हरीच्या म्हणजे बीजांडकोशाच्या कॅन्सरचे असायचे, हे इतकं पक्कं की मेडिकलच्या पुस्तकात तसंच पाठ करायचं. २०२३ च्या अंदाजातही ओव्हरीचे मृत्यू १३,२७० आणि पिशवीच्या अस्तराचे १३,०३०, म्हणजे जेमतेम का होईना ओव्हरी पुढे. २०२४ ला उलटं झालं, पिशवी १३,२५० आणि ओव्हरी १२,७४०. २०२५ ला दरी अजून वाढली, पिशवी १३,८६० आणि ओव्हरी १२,७३०. ज्या कॅन्सरला डॉक्टर लोक 'लवकर सापडतो, ऑपरेशन केलं की बरा होतो' म्हणायचे तो यादीत वर जाऊन बसला.

इथे लगेच ओरडायचं कारण नाही. सोसायटी स्वतःच सांगते की हे मॉडेलचे अंदाज आहेत, एका वर्षाचा आकडा दुसऱ्याला लावून ट्रेंड काढू नका. आणि पाच वर्षांच्या सरासरीवर, वयाचा फरक काढून, दर लाख बायकांमागे मृत्यू बघितले तर ओव्हरी अजून सहाच्या आसपास आणि पिशवी पाचच्या किंचित वर दिसते. पण सरासरी ही नेहमी मागून चालत येते. एक रेघ खाली येतेय, दुसरी वर जातेय, आणि दोन्हींची दिशा वर्षानुवर्षं तीच आहे. त्यामुळे नेमकं कुठल्या वर्षी एकमेकींना ओलांडलं यावर भांडण्यापेक्षा त्या विरुद्ध दिशेला का चालल्यात ते बघू.

आधी दोन रेघा ज्या खाली आल्या

गर्भाशयमुखाची गोष्ट सगळ्यांना माहीत असते म्हणून पटकन सांगते. पापानिकोलाऊ नावाच्या ग्रीक डॉक्टरने न्यूयॉर्कमध्ये बसून शोधलेली पॅप टेस्ट, म्हणजे पिशवीच्या तोंडाच्या पेशी घेऊन तपासायच्या, १९४० च्या दशकात पुढे आली आणि नंतर देशभर पसरली. १९७५ च्या सुमाराला दर लाख बायकांमागे वर्षाला साडेपाच मृत्यू व्हायचे, आता सव्वादोनच्या आसपास. २००६ च्या जूनमध्ये एचपीव्हीची लस आली आणि तिचा परिणाम आता आकड्यांत दिसायला लागलाय, २० ते २४ वयाच्या मुलींमध्ये २०१२ ते २०१९ या सात वर्षांत या कॅन्सरचं प्रमाण ६५ टक्क्यांनी घटलं. पण त्याच काळात ३० ते ४४ वयोगटात ते दर वर्षी साधारण १.७ टक्क्यांनी वाढत होतं, आणि हे मात्र कुणी हेडलाइनमध्ये टाकत नाही. या बायका लसीच्या वयाच्या बाहेर राहिल्या आणि टेस्ट करून घेण्यातही ढिलाई आली. एकाच रेघेच्या पोटात दोन उलट्या गोष्टी चालू असतात, देशाचा एकच आकडा बघितला की दोन्ही गायब.

ओव्हरीचं कोडं जरा वेगळं. तिला स्क्रीनिंग नाही, म्हणजे त्रास सुरू व्हायच्या आधीच आजार शोधणारी टेस्ट नाही. ब्रिटनमध्ये दोन लाखांवर बायका घेऊन रक्ताची टेस्ट आणि सोनोग्राफीने चाळणी करून बघितली, २०२१ ला अंतिम निकाल आला की मृत्यू कमी झाले नाहीत. म्हणजे लवकर शोधून ही रेघ खाली आलेली नाही. मग कशाने? मोठा वाटा गर्भनिरोधक गोळ्यांचा मानतात. ती गोळी अमेरिकेत १९६० ला आली, आणि गोळीच्या दर ५ वर्षांच्या वापरामागे ओव्हरीच्या कॅन्सरचा धोका साधारण २० टक्क्यांनी कमी होतो, हे बऱ्याच देशांचा डेटा एकत्र करून २००८ ला दाखवलं गेलं. ज्या मुलींनी विशीत गोळी घेतली त्या साठीला पोचल्या तेव्हा फायदा दिसला, मधे चाळीस वर्षं गेली, आणि गोळी देणाऱ्यांच्या डोक्यात कॅन्सर नव्हताच. वर औषधं सुधारली, पाच वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण १९७० च्या दशकातल्या ३६ टक्क्यांवरून पन्नासच्या आसपास आलं. १९७० च्या दशकापासून मृत्यूंचा रेट एक तृतीयांशाहून जास्त घसरला. सगळं मिळून मोठं यश आहे आणि त्याचं श्रेय नक्की कुणाला द्यायचं हे कुणालाच नीट सांगता येत नाही.

आता मुद्दा असा की तीच गोळी पिशवीच्या अस्तराच्या कॅन्सरपासून सुद्धा वाचवते. चांगली वाचवते. म्हणजे गोळी घेतलेली पिढी साठीत आल्यावर पिशवीची रेघ पण खाली यायला हवी होती. आली नाही. १९९० च्या दशकाच्या शेवटी दर लाखाला चारच्या जरा वर मृत्यू होते, तिथून चढत पाचच्या पुढे गेले.

१९७५ चा डोंगर

पन्नास वर्षांचा ग्राफ उघडला की डाव्या कडेलाच एक डोंगर दिसतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेची नोंदणी, जिला सगळे सीअर म्हणतात, १९७३ ला सुरू झाली, म्हणजे नोंदी चालू झाल्या त्याच नेमक्या डोंगराच्या चढावर. पाळी गेल्यावरच्या त्रासासाठी तेव्हा बायकांना नुसतं इस्ट्रोजेन द्यायचे, सोबत प्रोजेस्टेरॉनसारखं काही नाही, आणि ही औषधं १९४० च्या दशकापासून बाजारात होती पण साठच्या दशकात त्यांचा खप फार वाढला. इस्ट्रोजेन अस्तराला 'वाढ' म्हणतं, प्रोजेस्टेरॉन 'पुरे' म्हणतं. पुरे म्हणणारं कुणी नसेल तर अस्तर वाढतच राहतं आणि कधीतरी हाताबाहेर जातं. डिसेंबर १९७५ ला न्यू इंग्लंड जर्नल या मेडिकल जर्नलच्या एकाच अंकात दोन अभ्यास आले, एकात इस्ट्रोजेन घेणाऱ्यांना धोका साडेचार पट, दुसऱ्यात साडेसात पटीच्या वर. लिहून देणं कमी झालं, आणि रोगाचं प्रमाण काही वर्षांतच खाली आलं. कॅन्सरच्या जगात कारण काढलं आणि इतक्या लवकर रेघ खाली आली असं फार क्वचित बघायला मिळतं.

पण या डोंगराबद्दल मला खरं खटकतं ते वेगळंच. रुग्णांचा डोंगर एवढा मोठा, आणि मृत्यूंच्या रेघेत त्याचा मागमूस नाही. ती आपली शांतपणे खाली येत होती. म्हणजे इस्ट्रोजेनने जे ट्यूमर उगवले ते बहुतेक सौम्य जातीचे होते, अस्तराच्या पेशींसारखेच दिसणारे, हळू वाढणारे, लवकर अंगावरून जायला लागून पकडले जाणारे, पिशवी काढली की संपणारे.

हे लक्षात घेतलं की एक नेहमी फेकला जाणारा आकडा वेगळा दिसायला लागतो. सगळीकडे लिहिलेलं असतं की पिशवीच्या कॅन्सरमध्ये पाच वर्षं जगण्याचं प्रमाण १९७५ ते ७७ मध्ये ८७ टक्के होतं आणि आता ८१ टक्के आहे, बाकी जवळपास सगळ्या कॅन्सरमध्ये सुधारलं आणि इथे मात्र घसरलं, बघा बघा बायकांच्या आजाराकडे कसं दुर्लक्ष झालं. दुर्लक्ष झालंय, त्यावर येतेच, पण हा आकडा त्याचा पुरावा म्हणून वापरताना जपून. १९७५ ते ७७ म्हणजे डोंगराचं टोक. तेव्हा एकूण पेशंटमध्ये सौम्य केसेसची गर्दी झाली होती, त्यामुळे सरासरी फुगली. वर्गात दहा सोप्या विषयांचे पेपर घेतले आणि मग ते काढून टाकले तर टक्केवारी पडणारच, पोरं ढ झाली म्हणून नाही. त्यामुळे ८७ हा पायाच मुळात तिरका आहे आणि त्याच्याशी तुलना करून आजचे डॉक्टर वाईट असं काढता येत नाही. तरी पन्नास वर्षांत किमान सुधारायला तरी हवं होतं, तेही झालं नाही, हे उरतंच.

२००२ च्या जुलैमध्ये हार्मोनची गोष्ट परत आली, उलट्या बाजूने. मोठ्या सरकारी ट्रायलमध्ये इस्ट्रोजेन अधिक प्रोजेस्टिन, म्हणजे प्रोजेस्टेरॉनसारखं औषध, घेणाऱ्यांत ब्रेस्ट कॅन्सर आणि इतर त्रास वाढलेले दिसले, ट्रायलचा तो भाग थांबवला आणि लाखो बायकांनी गोळ्या सोडल्या. ब्रेस्टसाठी चांगलं झालं. पण हे एकत्र औषध पिशवीच्या अस्तराला थोडं संरक्षण देत होतं, ते गेलं, आणि पुढच्या काही वर्षांत पाळी गेलेल्या बायकांमध्ये या कॅन्सरची रेघ वर सरकली.

छेदात कोण बसलंय

आता केसचा गाभा. शाळेतला अपूर्णांक आठवा, वर अंश, खाली छेद. रेट काढताना अंशात कॅन्सर झालेल्या बायका आणि छेदात देशातल्या सगळ्या बायका. पण ज्या बाईची पिशवीच काढलेली आहे तिला पिशवीचा कॅन्सर कुठून होणार? ती छेदात मोजायलाच नको. अमेरिकेत साठीपर्यंत साधारण तीनातल्या एका बाईची पिशवी काढलेली असते, बऱ्याचदा फायब्रॉइडच्या गाठींसाठी किंवा जास्त जाण्यासाठी, कॅन्सरचा काही संबंध नसताना. आणि नेहमीच्या तक्त्यात त्या सगळ्या छेदात बसलेल्या असतात.

बनवलेल्या आकड्यांवर करून बघू, सोपं जाईल. समजा एक लाख बायका, त्यातल्या ३०,००० ची पिशवी काढलेली. उरलेल्या ७०,००० ना हजारी एक या हिशेबाने वर्षाला ७० कॅन्सर झाले. तक्त्यात छापलं जाईल दर लाखाला ७०. खरा धोका दर लाखाला १००. आता वीस वर्षांनी ऑपरेशनं कमी झाली, फक्त २०,००० ची काढलेली आहे, धोका तोच हजारी एक, तर कॅन्सर ८०. तक्ता म्हणेल ७० चे ८० झाले, वाढ झाली, अरे बापरे. कुणाचाही धोका तसूभर वाढलेला नाही.

याचीच दुसरी बाजू जास्त घातक. दोन गट घ्या. पहिल्यात वीस टक्के बायकांची पिशवी काढलेली, धोका लाखाला १००, तक्त्यात दिसणार ८०. दुसऱ्यात चाळीस टक्के बायकांची काढलेली, धोका लाखाला १२०, तक्त्यात दिसणार ७२. ज्यांचा धोका जास्त त्याच तक्त्यात सुरक्षित दिसतायत! हे नुसतं गणित नाहीये, अमेरिकेत हेच झालं. ब्लॅक बायकांना फायब्रॉइड जास्त आणि कमी वयात होतात, त्यांच्या पिशव्या जास्त काढल्या जातात, आणि वर्षानुवर्षं पुस्तकांत छापलेलं असायचं की पिशवीचा कॅन्सर व्हाइट बायकांना जास्त होतो, ब्लॅक बायकांना कमी होतो पण झाला तर जास्त मरतात. पिढ्यांच्या पिढ्या डॉक्टरांनी हे वाक्य पाठ केलं. छेद दुरुस्त केल्यावर, २००० पासून २०१५ पर्यंतच्या डेटात, २००७ लाच ब्लॅक बायकांचं प्रमाण व्हाइट बायकांच्या पुढे गेलेलं निघालं. वाक्याचा पहिला अर्धा भाग निदान तेव्हापासून तरी चूक होता.

गर्भाशयमुखाच्या मृत्यूंवर हीच दुरुस्ती लावून २०१७ ला एक अभ्यास आला, त्याचे आकडे बघा म्हणजे फरक किती असतो ते कळेल. २००० ते २०१२ च्या डेटात ब्लॅक बायकांचा रेट लाखाला ५.७ होता तो दुरुस्तीनंतर १०.१ झाला, व्हाइट बायकांचा ३.२ वरून ४.७. दोघींचे वाढले, पण एकीचा जवळपास पाऊणपट वाढला आणि दुसरीचा साधारण निम्म्याने. म्हणजे दरी तक्त्यात जेवढी दिसत होती त्यापेक्षा खूप रुंद होती. अर्थात सगळ्याच ऑपरेशनमध्ये तोंड काढत नाहीत, काहींत पिशवी काढतात आणि तोंड ठेवतात, त्यामुळे ही दुरुस्ती पण सोळा आणे शुद्ध नाही. पण कच्च्या तक्त्यापेक्षा खऱ्याच्या जवळ.

कुठली जात वाढतेय

छेद दुरुस्त केल्यावर पुढचा प्रश्न, की एकूण वाढलं ते कुठल्या प्रकारचं? इथे लोक पटकन म्हणतात लठ्ठपणा. आणि ते काही चूक नाही. चरबीच्या पेशी इस्ट्रोजेन बनवतात, पाळी गेल्यावर तर तोच मुख्य कारखाना उरतो, आणि सगळ्या कॅन्सरमध्ये वजनाशी सगळ्यात घट्ट नातं याच कॅन्सरचं आहे. अमेरिकेत प्रौढांमधला लठ्ठपणा १९९९-२००० च्या ३०.५ टक्क्यांवरून २०१७-१८ ला ४२.४ टक्क्यांवर गेला. गोष्ट जुळते. फारच जुळते, आणि म्हणून तिथेच थांबायचा मोह होतो.

पण इस्ट्रोजेनवर वाढणारी जात म्हणजे सौम्य जात, जिला एंडोमेट्रिऑइड म्हणतात. पिशवी काढलेल्या बायका वगळून २००० नंतरचा ट्रेंड काढला तर ही जात एकूण स्थिर निघते. वाढतेय ती दुसरी, नॉन-एंडोमेट्रिऑइड, सिरस, कार्सिनोसार्कोमा वगैरे आक्रमक जाती, ज्या इस्ट्रोजेनवर तितक्या अवलंबून नाहीत, बारीक अस्तरातसुद्धा उगवतात आणि लवकर पसरतात. मृत्यूंचंही तेच. २०१० ते २०१७ मध्ये पिशवीच्या कॅन्सरचे दुरुस्त मृत्यू दर वर्षी साधारण १.८ टक्क्यांनी वाढले, जाती वेगळ्या केल्या तर एंडोमेट्रिऑइडचे स्थिर आणि नॉन-एंडोमेट्रिऑइडचे वर्षाला २.७ टक्के वाढ. एकूण मृत्यूंत ब्लॅक बायकांचा रेट बाकीच्यांच्या जवळपास दुप्पट.

म्हणजे १९७५ च्या डोंगराच्या बरोबर उलटं चित्र. तेव्हा रुग्ण वाढले आणि मृत्यू नाही वाढले कारण सौम्य जात वाढली होती. आता मृत्यू वाढतायत कारण आक्रमक जात वाढतेय. 'लठ्ठपणा वाढला म्हणून' हे उत्तर पुरेसं असतं तर सौम्य जात सगळ्यात जास्त वाढायला हवी होती. मी लठ्ठपणाला क्लीन चिट देत नाहीये, पन्नाशीच्या आतल्या बायकांमध्ये हा कॅन्सर वाढतोय त्यात वजनाचा हात आहेच, पण सगळं त्याच्या माथी मारलं की दोन गोष्टी होतात, एक म्हणजे पेशंटलाच दोष जातो, आणि दुसरं म्हणजे आक्रमक जात का वाढतेय हे शोधायची निकड संपते. २०२२ ला सरकारी संशोधकांचा एक अभ्यास आला होता केस सरळ करायच्या केमिकलवर, तेहतीस हजारांवर बायका, त्यात वारंवार वापरणाऱ्यांना सत्तरीपर्यंत पिशवीचा कॅन्सर होण्याचं प्रमाण ४.०५ टक्के आणि कधीच न वापरणाऱ्यांना १.६४. ब्लॅक बायका ही प्रॉडक्ट जास्त वापरतात म्हणून त्याची खूप चर्चा झाली. पण तो निरीक्षणाचा अभ्यास आहे, एकूण कॅन्सरच्या केसेस ३७८ होत्या, त्यावरून कारण सिद्ध झालं असं म्हणायला मी तयार नाही. दिशा मात्र बरोबर आहे, इकडे पण बघायला हवंय.

दाराशीच अडणं

या कॅन्सरला स्क्रीनिंग नाही, पण गरज वाटली नाही कारण शरीर स्वतःच सांगतं. पाळी बंद झाल्यावर परत अंगावरून जायला लागणं ही खूण. त्यानंतर अमेरिकेत दोन रस्ते, एक तर थेट अस्तराचा तुकडा काढून तपासायला पाठवायचा, नाहीतर आधी आतून सोनोग्राफी करायची, अस्तराची जाडी ४ मिलिमीटर किंवा कमी आली की कॅन्सर जवळपास नाहीच म्हणून तुकडा न काढता घरी पाठवायचं. तुकडा काढताना दुखतं, त्यामुळे सोनोग्राफी सगळ्यांनाच बरी वाटते.

हा ४ मिलिमीटरचा नियम मुख्यतः व्हाइट बायकांच्या अभ्यासांवर बसवलेला आहे. आणि सौम्य जात अस्तर जाड करूनच येते, तिच्यासाठी तो चालतो. आक्रमक जात बारीक अस्तरात येऊ शकते. शिवाय पिशवीत फायब्रॉइडच्या गाठी असतील तर सोनोग्राफीत अस्तर नीट दिसतच नाही, मापायचं काय? आता वरचं सगळं जोडा, कुणाला आक्रमक जात जास्त, कुणाला गाठी जास्त. सिएटलच्या डॉ. केमी डॉल आणि त्यांच्या टीमने २०२१ ला मॉडेल करून दाखवलं की या पट्टीने व्हाइट बायकांचे सुमारे ८८ टक्के कॅन्सर पकडले जातील आणि ब्लॅक बायकांचे सुमारे ४८ टक्के. मॉडेल आहे म्हणून काहींनी बाजूला सारलं. मग त्यांनी प्रत्यक्ष पेशंटच्या फायली काढल्या, कॅन्सर निघालेल्या ब्लॅक बायकांच्या, आणि २०२४ ला निकाल आला की त्यातल्या ११.४ टक्के बायकांचं अस्तर ५ मिलिमीटरच्या आत होतं. शंभरातल्या अकरा जणींना कॅन्सर असताना 'काही नाही हो, जा घरी' सांगितलं गेलं असतं. मॉडेलइतकं भयंकर नाही, पण ज्या टेस्टवर विसंबून तुकडा टाळायचा तिच्यासाठी हे खूप झालं. माझं मत सरळ आहे, ब्लॅक बाई असेल आणि पाळी गेल्यावर अंगावरून गेलं तर पट्टी लावत बसू नये, तुकडा काढावा.

आणि हे पाळी गेल्यावरचं झालं. पाळी चालू असताना ज्या बाईला वर्षानुवर्षं गाठींमुळे जास्त जातंय तिला अजून थोडं जास्त जायला लागलं तर ना तिला वेगळं वाटणार ना डॉक्टरला. खूणच खुणेत बुडून जाते.

पाच वर्षं जगण्याचं प्रमाण व्हाइट बायकांत ८४ टक्के आणि ब्लॅक बायकांत ६३. यातला काही भाग जातीचा म्हणजे ट्यूमरच्या जातीचा, काही उशिरा सापडण्याचा. पण स्टेज तीच, जात तीच, असं एकाला एक लावून बघितलं तरी दरी उरते, म्हणजे निदानानंतरच्या उपचारातसुद्धा फरक पडतोय.

उपचारात नवीन काहीच नाही असंही नाही. २०१३ ला या ट्यूमरचे जनुकांवरून चार गट पाडले गेले, आणि मार्च २०२३ ला इम्युनोथेरपीच्या दोन मोठ्या ट्रायल एकदमच छापून आल्या, डोस्टार्लिमॅब आणि पेम्ब्रोलिझुमॅब या दोन औषधांच्या, ती केमोसोबत दिल्यावर आजार बराच जास्त काळ थांबून राहिला. पण सगळ्यात दणदणीत फायदा ज्या गटात दिसला, डीएनए दुरुस्तीचा बिघाड असलेल्या ट्यूमरचा, त्यात बहुतेक एंडोमेट्रिऑइडच असतात. ज्या सिरस जातीमुळे मृत्यूंची रेघ चढतेय ती पी५३ नावाच्या जनुकाच्या बिघाडाच्या गटात पडते आणि तिला एवढा मोठा फायदा त्यातून मिळत नाही. त्यामुळे या औषधांनी राष्ट्रीय रेघ लगेच वाकेल असं मला वाटत नाही, वाकली तर आनंदच आहे.

आता शेवटचा पेच. अमेरिकेत पिशवी काढायची ऑपरेशनं कमी होत चाललीयेत, गाठींवर औषधं आली, इतर उपाय आले, पिशवी राखायकडे कल वाढला. चांगलीच गोष्ट. पण म्हणजे पुढच्या दहा-पंधरा वर्षांत साठीत येणाऱ्या जास्त बायकांकडे पिशवी असणार, आणि कच्ची रेघ आपोआप वर जाणार, वर बनवलेल्या उदाहरणातल्या ७० चे ८० झाले तशी. त्याच्यावर खरी वाढ चढणार. दोन्ही वेगळं करायला छेद माहीत हवा, आणि तो छेद कुठल्या रजिस्टरमध्ये लिहिलेला नाही. कॅन्सरची नोंदणी आहे, मृत्यूची नोंदणी आहे, पण कुणाकडे पिशवी शिल्लक आहे याची नोंदणी नाही. ते कळतं राज्याराज्यांत होणाऱ्या एका टेलिफोन सर्व्हेतून, ज्यात शंभर इतर प्रश्नांच्या मधे कुठेतरी एक प्रश्न असतो की तुमची पिशवी काढली आहे का, आणि फोनवरची बाई हो किंवा नाही म्हणते.